चेनसॉचे सुटे भाग: अदलाबदल तक्त्याच्या प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२५

पावसाळा संपला की आंबा-काजूच्या बागांची छाटणी सुरू होते आणि दुरुस्तीच्या टेबलावर चेनसॉंची रांग लागते. एका पार्टासाठी मशीन महिनाभर पडून राहू नये, यासाठी हा तक्ता. कोणत्या मशीनचा कोणता भाग कोणत्या दुसऱ्या मशीनला बसतो, कोणता बसतो पण चालवू नये, आणि कोणता बसवूच नये, एवढेच त्यात असेल.

दुकानात दोन टोकांची उत्तरे मिळतात: ‘सगळ्यांना बसतं’ आणि ‘ओरिजिनलच लागेल’. दोन्हींवर विसंबून पैसे वाया जातात. कंपन्या एकमेकींच्या स्पर्धक असल्या तरी आतला बराचसा माल मोजक्या पुरवठादारांकडून आलेला आहे. फरक राखले आहेत ते सांध्यांवर: बारच्या (चेन ज्याच्याभोवती फिरते त्या पात्याच्या) शेपटाची, म्हणजे मशीनकडच्या टोकाची खाच, कार्ब्युरेटरच्या पॅकिंगमधले भोक, कॉइलचे टायमिंग. म्हणून तक्त्यात कंपनीच्या नावाआधी माप येईल.

खुणा तीन. हिरवी: नंबर जुळला की बसवा. पिवळी: व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) लावून मगच बसवा. लाल: बसला तरी चालवू नका.

५ नोव्हेंबर

मापे घेण्याआधी मालकी आणि उसनवारीचा नकाशा काढला. कोणता पार्ट कुठे शोधायचा, ते त्यावरूनच ठरते.

आंद्रेआस स्टिल यांनी १९२६ मध्ये श्टुटगार्टला विजेवर चालणारा सॉ काढला. पुढच्याच वर्षी एमिल लेर्प यांनी थुरिंजियातल्या डोलमार डोंगरावर पेट्रोलवरचा सॉ चालवून दाखवला. त्याचे वजन ५८ किलो होते, तो उचलायला दोन माणसे लागत. त्या डोंगराचेच नाव कंपनीला मिळाले. १९९१ मध्ये डोलमार मकिताकडे गेली. त्यामुळे डोलमार पीएस-७९०० आणि मकिता डीसीएस७९०१ यांत फरक मुख्यतः रंगाचा आणि स्टिकरचा. मकिताने २०२२ मध्ये पेट्रोल इंजिनांचे उत्पादन बंद केले, म्हणून या घराण्याचे पार्ट आता दोन्ही नावांनी शोधायचे.

स्वीडनमध्ये इलेक्ट्रोलक्सने १९७८ मध्ये हुस्कवर्ना आणि जॉन्सरेड या दोन्ही प्रतिस्पर्धी कंपन्या घेतल्या. नारिंगी ३७२ एक्सपी आणि लाल जॉन्सरेड २१७१ हे त्या एकत्रीकरणाचे अपत्य. ३६५ आणि २१६५ यांचेही तसेच. इंजिनाचे पार्ट हिरव्या खुणेत, प्लास्टिकची कव्हरे पिवळ्यात. जपानमध्ये एको आणि शिंदाइवा आता यामाबिको या एकाच छत्राखाली आहेत, पण जुन्या मॉडेलांचे पार्ट त्यामुळे आपोआप जुळत नाहीत. हुस्कवर्नाने २००७ मध्ये झेनोआ ही जपानी कंपनी घेतली. तिची नोंद पुढे सविस्तर येईल.

८ नोव्हेंबर

चेन. सगळ्यांत जास्त खपणारा आणि सगळ्यांत जास्त चुकीचा बसवला जाणारा भाग.

१९४६ च्या सुमारास ओरेगॉन राज्यातल्या जो कॉक्स या लाकूडतोड्याने ओंडक्यात शिरणारी भुंग्याची अळी निरखली. ती डावीकडे-उजवीकडे आळीपाळीने जबडा चालवत लाकूड कुरतडत होती. त्यावरून त्याने डावे-उजवे कटर आळीपाळीने बसवलेली चिपर चेन केली आणि १९४७ मध्ये पोर्टलंडला कंपनी काढली. त्याआधीच्या चेनला करवतीसारखे ओरखडणारे दाते असत. त्यांना धार लावणे हे वेगळेच कसब होते. कॉक्सची चेन गोल कानशीने जागेवरच पाजता येऊ लागली, आणि हळूहळू सगळ्या कंपन्यांनी हीच घडण स्वीकारली. ओरेगॉनने पुढे अनेक स्पर्धक कंपन्यांना त्यांच्या शिक्क्याखाली चेन आणि बार पुरवले. स्टिल मात्र १९७४ पासून स्वित्झर्लंडमधल्या विल इथे स्वतःची चेन बनवते. हुस्कवर्नानेही अलीकडे एक्स-कट नावाने स्वतःची चेन सुरू केली आहे.

आता मापे. चेन जुळायला तीन आकडे जुळावे लागतात: पिच, गेज आणि ड्राइव्ह लिंकची (बारच्या खोबणीत चालणाऱ्या कड्यांची) संख्या.

पिच: लागोपाठ तीन रिव्हेटांच्या केंद्रांमधले अंतर मोजून त्याचे निम्मे करायचे. तीन रिव्हेटांत १६.५१ मि.मी. आले तर ०.३२५ इंच, १९.०५ आले तर ३/८, २०.५२ आले तर ०.४०४. नव्या चेनवर मोजावे. ताणलेल्या जुन्या चेनवर आकडा वर सरकतो आणि गोंधळ होतो.

गेज: ड्राइव्ह लिंकची जाडी, म्हणजेच बारच्या खोबणीची रुंदी. १.१, १.३, १.५ आणि १.६ मि.मी. अशी चार मापे चालतात. स्टिलच्या ०.३२५ चेनमध्ये १.६ नेहमी दिसते, हुस्कवर्नाच्या ०.३२५ मध्ये १.३ किंवा १.५. पिच एक, गेज वेगळे. ग्राहक इथेच फसतो. १.६ ची चेन १.५ च्या खोबणीत शिरतच नाही, त्यामुळे तिथे धोका नाही. उलट १.३ ची चेन १.६ च्या खोबणीत छान बसल्यासारखी वाटते, पण चालताना एका अंगावर कलते, काप तिरका जातो आणि खोबणीची एक भिंत झिजते. मग योग्य चेन आणली तरी बार सरळ कापत नाही. ही जोडी लाल खुणेत.

शिक्का वाचणे: ओरेगॉनच्या ड्राइव्ह लिंकवर ९१ असेल तर ३/८ लो-प्रोफाइल (कमी उंचीची, छोट्या मशीनांची चेन), १.३. ०.३२५ साठी २०, २१, २२ हे अनुक्रमे १.३, १.५, १.६. पूर्ण ३/८ साठी ७२, ७३, ७५ याच क्रमाने. स्टिलच्या ड्राइव्ह लिंकवर गेजचा एकच आकडा असतो: १, ३, ५ किंवा ६, म्हणजे १.१ ते १.६ मि.मी. तिच्या कटरवरचा आकडा पिच सांगतो: २ म्हणजे ०.३२५, ३ म्हणजे ३/८, ४ म्हणजे ०.४०४, ६ किंवा पी म्हणजे लो-प्रोफाइल. स्टिलच्या कटरवरचा ६ आणि ड्राइव्ह लिंकवरचा ६ यांचे अर्थ वेगळे आहेत, हे तक्त्यात ठळक अक्षरात लिहिले.

कानस: लो-प्रोफाइलला ४ मि.मी., ०.३२५ ला ४.८. पूर्ण ३/८ ला स्टिल ५.२ सांगते, ओरेगॉन ५.५. चेन बदलली की कानस बदलायची, हे ग्राहकाला बिलावर लिहून द्यायचे. रेकर (कटरसमोरचा, कापाची खोली ठरवणारा उंचवटा) कटरच्या टोकापेक्षा ०.६५ मि.मी. खाली. काप जलद व्हावा म्हणून तो १ मि.मी. खाली घासण्याची सवय बऱ्याच ठिकाणी दिसते. त्याने चेन लाकडाला लचके मारते आणि बारचे टोक उसळून अंगावर येते.

११ नोव्हेंबर

बारवर इंचांत छापलेल्या लांबीवरून चेन मागवायची नाही. लिंक मोजूनच. एक ड्राइव्ह लिंक म्हणजे दोन पिच. १६ इंची लो-प्रोफाइल स्टिलला ५५ लिंक लागतात, तर त्याच लांबीच्या इतर अनेक बारना ५६. एका लिंकचा फरक ताण-स्क्रूने भरून निघेल असे वाटते. एक लिंक कमी असेल तर चेन बारवर चढतच नाही. एक जास्त असेल तर चढते, पण ताण-स्क्रूची वाट अर्धी आधीच संपलेली असते आणि चेन थोडी ताणली की सैल पडून उतरते.

विना-ब्रँडच्या मोठ्या मशीनांवर २० इंची बारला ७६ आणि २२ इंचीला ८६ लिंक असतात. पिच ०.३२५. दहा लिंक म्हणजे १६५ मि.मी. चेन. ती वर आणि खाली अशी वाटली जाते, म्हणजे बारची लांबी सव्वातीन इंच वाढायला हवी. छापील आकडा मात्र दोनच इंच वाढलेला. हुस्कवर्नाच्या २० इंचीला त्याच पिचमध्ये ८० लिंक लागतात. छापील इंच हा ढोबळ आकडा आहे, एवढे यावरून पुरे.

१५ नोव्हेंबर

बारचे शेपूट. इथे कंपन्यांनी आपापली वाट जाणून वेगळी ठेवली आहे.

खाचेची रुंदी: स्टिलच्या मोठ्या मशीनांना १२ मि.मी., हुस्कवर्नाच्या मोठ्यांना ९, छोट्यांना ८ च्या जरा वर. रुंदी जुळली की काम झाले, असे नाही. आणखी दोन जागा तपासायच्या: ताण-स्क्रूची खुंटी ज्यात शिरते ते भोक आणि तेलाचे भोक. मशीनच्या अंगावरची तेलाची फट बारच्या भोकासमोर आली नाही तर पंप तेल देतो आणि ते सगळे क्लचच्या कव्हरखाली साचते. बार कोरडा चालतो, निळा पडतो आणि टोकाचा स्प्रॉकेट जाम होतो.

पडताळणी सोपी आहे. चेन न लावता नुसता बार बसवा, नट आवळा, मशीन सुरू करून अर्धी गती द्या. खोबणीतून तेल वर येताना दिसले पाहिजे. मग चेन लावून टोक कोऱ्या पुठ्ठ्यासमोर वीतभर अंतरावर धरा, तेलाची रेघ उमटली पाहिजे.

१२ ची खाच ९ च्या बोल्टवर आणण्यासाठी बुश मिळतात. ते स्टीलचे आणि नेमक्या जाडीचे असतील तर पिवळी खूण. पत्रा गुंडाळून खाच भरलेली असेल तर लाल.

टोकाच्या स्प्रॉकेटलाही पिच असतो. शेपूट जुळते म्हणून ०.३२५ च्या बारवर ३/८ ची चेन टाकली तर टोकाचे दाते पहिल्या दिवशीच खाल्ले जातात.

१६ नोव्हेंबर

क्लचवरचा रिम स्प्रॉकेट, म्हणजे चेन ओढणारे दातेरी कडे. सात खोबणींचा ‘स्टँडर्ड’ रिम आतून १९ मि.मी., ‘स्मॉल’ १७ मि.मी. इथे उसनवारी खरोखर कामी येते: मोठ्या स्टिल आणि मोठ्या हुस्कवर्नाला एकच १९ चा रिम चालतो. हिरवी खूण. झीज ०.५ मि.मी. खोल झाली की बदला. साधारण दोन चेनमागे एक रिम.

रिम बदलून पिच वाढवायची मागणी येते. हिशेब करून दाखवावा. ९,००० फेऱ्यांना सात दात्यांवर ०.३२५ ची चेन सेकंदाला १७.३ मीटर धावते, ३/८ ची २० मीटर. वेग १५ टक्के वाढला, ओढ साधारण १३ टक्के कमी झाली. ५० सीसीच्या आतल्या मशीनला आंब्याच्या वाळक्या लाकडात हे झेपत नाही. क्लच घसरतो, ड्रम तापतो.

२२ नोव्हेंबर

कार्ब्युरेटर. उसनवारीचा सगळ्यांत ठळक नमुना हाच.

सुरुवातीच्या सॉंना फ्लोटचा कार्ब्युरेटर होता. मशीन आडवे केले की पेट्रोल चुकीच्या जागी जायचे, म्हणून इंजिन सरळ ठेवून बारच फिरवता येईल अशी रचना करावी लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या टिलॉटसनचा डायाफ्रामवाला (लवचीक पडद्याचा) कार्ब्युरेटर आला आणि सॉ कसाही धरून कापता येऊ लागला. पुढे वॉल्ब्रो आणि जपानी मुळाची झामा या क्षेत्रात उतरल्या. सॉ बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या या तिघींच्याच गिऱ्हाईक. २००८ मध्ये स्टिलने झामा विकत घेतली; तरीही झामाचे कार्ब्युरेटर प्रतिस्पर्ध्यांच्या मशीनांवर येतच राहिले.

स्टिल एमएस २५० उघडला तर आत वॉल्ब्रो डब्ल्यूटी-२८६ सापडतो, किंवा झामा सी१क्यू. मशीन एकच, कार्ब्युरेटर दोन कंपन्यांचे. पूर्ण कार्ब्युरेटर एकमेकांच्या जागी चालतात, पण डायाफ्राम-पॅकिंगचा संच चालत नाही. म्हणून संच मागवताना मशीनचे मॉडेल सांगून भागत नाही, कार्ब्युरेटरच्या अंगावर कोरलेला नंबर वाचावा लागतो.

मीटरिंग लिव्हरची (पेट्रोलची झडप उघडणाऱ्या पट्टीची) उंचीही वेगळी. वॉल्ब्रो डब्ल्यूटीमध्ये लिव्हर बॉडीच्या कडेपासून १.६५ मि.मी. खाली, झामा सी१क्यूमध्ये साधारणपणे चेंबरच्या तळाशी समपातळीत. एकाच सवयीने दोन्ही वाकवले तर एक मशीन पेट्रोल ओकते आणि दुसरे गती देताच बंद पडते. मीटरिंगच्या बाजूला दोन्हींत आधी पॅकिंग, त्यावर डायाफ्राम. पंपाच्या बाजूचा क्रम उघडताना कागदावर काढून ठेवावा.

दुसऱ्या मॉडेलचा कार्ब्युरेटर लावताना बोल्टमधले अंतर आधी पाहतात. डब्ल्यूटी आणि सी१क्यूमध्ये ते ३१ मि.मी. असते, त्यामुळे बोल्ट बसतात आणि लोक निर्धास्त होतात. खरी तपासणी इम्पल्सच्या भोकाची. पेट्रोलपंप क्रँककेसच्या दाबावर हलतो. तो दाब एका बारीक भोकातून येतो. पॅकिंगने ते भोक झाकले गेले तर पेट्रोल चढतच नाही. नवा कार्ब्युरेटर खराब निघाला म्हणून परत आलेल्या तक्रारींत आधी हेच बघावे. पॅकिंग मशीनच्या अंगावर धरून भोकातून बारीक तार आरपार जाते का पाहिले की निकाल लागतो.

सेटिंग: एल (कमी गतीचा) आणि एच (जास्त गतीचा) दोन्ही स्क्रू हलक्या हाताने बसवून एक फेरा उलट. मशीन गरम करून बारीक जुळणी. एच जास्त आवळला तर मिश्रण पातळ होते (पेट्रोल कमी, हवा जास्त), आवाज तीक्ष्ण होतो, मशीन जोरात चालल्यासारखे वाटते आणि पिस्टन धरतो, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकतो. स्क्रूची डोकी आता चपटी, दातेरी अशा निरनिराळ्या आकारांची येतात, म्हणून पेचकसांचा संच आधी आणावा. पक्कडीने फिरवू नये.

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, तर बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिका १० टक्क्यांची मर्यादा सांगतात. इथेनॉल ओलावा ओढते, डायाफ्राम कडक होतो. पावसाळ्याआधी टाकी रिकामी करून, मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून ठेवायचे, हे तक्त्याच्या मागच्या पानावर छापायचे.

२९ नोव्हेंबर

प्लग: एनजीके बीपीएमआर७ए, बॉश डब्ल्यूएसआर६एफ, चॅम्पियन आरसीजे७वाय हे एकमेकांच्या जागी चालतात. गॅप ०.५ मि.मी. टोकाची टोपी स्क्रूची असेल तर ती घट्ट आहे का पाहा, शक्यतो एकसंध टोपीचाच घ्या. सैल टोपीवर ठिणगी उडते आणि शेजारीच पेट्रोल असते. नव्या काही मशीनांना बारीक चुडीचा (आट्यांचा) प्लग लागतो. जुना मोजूनच बदलायचा.

कॉइल: भोके जुळली म्हणून लावू नका. टायमिंग आणि गतीची कमाल मर्यादा आता कॉइलच्या आतच असते. दुसऱ्या मॉडेलचा कॉइल ठिणगी देईल, पण चुकीच्या क्षणी. पिवळी खूण, आणि तीही त्याच घराण्यात. फ्लायव्हीलपासून अंतर ०.३ मि.मी.

६ डिसेंबर

सिलिंडर-पिस्टन. जर्मनीतल्या माहले कंपनीचे सिलिंडर स्टिल, हुस्कवर्ना आणि डोलमार या तिन्हींत सापडतात. निकासिल हा लेपही माहलेचाच, १९६० च्या दशकातला. माहलेचा शिक्का तिन्हीकडे दिसला म्हणून सिलिंडर अदलाबदलीचे होत नाहीत. प्रत्येकाचे पोर्ट (वायू आत-बाहेर जाण्याची भोके) त्या त्या कंपनीच्या नकाशावरून ओतलेले असतात.

एकाच घराण्यात मात्र भरपूर वाव आहे. हुस्कवर्ना ३६५ चा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ४८ मि.मी., स्ट्रोक (पिस्टनची चाल) ३६, म्हणजे ६५.१ सीसी. ३७२ चा बोअर ५०, स्ट्रोक तोच, ७०.७ सीसी. क्रँककेस एकच. डोलमार ६४००, ७३००, ७९०० यांचा स्ट्रोक ३७ आणि बोअर अनुक्रमे ४७, ५० आणि ५२. धरलेल्या ६४०० वर ७९०० चा जोड बसतो. बोअर वाढला की कार्ब्युरेटरचा एच पुन्हा जुळवायचा, नाहीतर मिश्रण पातळ राहते.

बाहेरचा सिलिंडर घेतला तर बसवण्याआधी: पोर्टच्या कडा बोटाने तपासा, धारदार असतील तर बारीक दगडाने मोडा, नाहीतर रिंग अडकून तुटते. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. रिंगची तोंडे पिस्टनमधल्या खुंटीवर. पिनची लॉक-रिंग एकदा काढली की नवीच लावा. जुळवल्यावर प्लगच्या भोकातून सोल्डरची तार कडेपर्यंत घालून हाताने फेरा द्या; चपटलेल्या तारेची जाडी, म्हणजे पिस्टन आणि सिलिंडरच्या माथ्यामधली फट, ०.५ मि.मी.पेक्षा कमी नको. शेवटी क्रँककेसला ०.५ बार दाब आणि तेवढाच व्हॅक्यूम. काटा उतरला तर साबणाचे पाणी इनटेकच्या रबरावर आणि ऑइल सीलवर लावा. पिस्टन धरण्याचे मूळ कारण बहुधा तिथेच असते. ते न शोधता नवा पिस्टन घातला तर तोही जातो.

१३ डिसेंबर

विना-ब्रँड ५२ आणि ५८ सीसी. आपल्याकडच्या बागांत ही मशीने फार दिसतात. घडण झेनोआच्या जी४५००–जी५००० मालिकेवरून घेतलेली. चीनमधल्या अनेक कारखान्यांनी ती उचलल्यामुळे पार्ट मुबलक आणि स्वस्त आहेत, हे या मशीनचे खरे बळ. दुर्बळ बाजू म्हणजे मापांची शिस्त.

५२०० चा बोअर ४५, ५८०० चा ४५.२. नुसत्या ०.२ मि.मी. वाढीने घनमान एक टक्काही वाढत नाही. ४५.२ बोअरमधून खरे ५८ सीसी हवे असतील तर स्ट्रोक ३६ मि.मी. लागेल; दोन्ही मॉडेलांना क्रँकशाफ्ट मात्र एकच विकला जातो. म्हणजे ५८ हा स्टिकरवरचा आकडा. ग्राहकाने त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत, हे स्पष्ट सांगायचे.

पिस्टन मागवताना स्टिकर पाहू नका, सिलिंडर काढून बोअर मोजा. ४५.२ मध्ये ४५ चा पिस्टन आरामात जातो, सुरुही होतो, पण कॉम्प्रेशन कमी आणि पिस्टन खडखडतो. पार्ट मागवताना जुन्या पिस्टनची उंची, पिनचा व्यास आणि रिंगची जाडी अशी तीनही मापे पाठवायची.

तेल: या मशीनांच्या पुस्तिका बहुधा २५:१ सांगतात, म्हणजे लिटरला ४० मि.लि. टू-टी. स्टिल-हुस्कवर्ना चांगल्या तेलावर ५०:१, म्हणजे २० मि.लि. एकाच कॅनमधून दोन्ही मशीने भरली जातात, तिथे २५:१ ठेवणे बरे. प्लग थोडा काळा होईल, पिस्टन वाचेल.

१४ डिसेंबर

झेनोआचे दुसरे देणे म्हणजे स्तरित चार्जिंग. टू-स्ट्रोकमध्ये जळलेला वायू बाहेर ढकलताना ताजे पेट्रोलही निसटते. उपाय असा की आधी नुसती हवा ट्रान्सफर पोर्टमध्ये भरायची, तीच धूर ढकलते, मागून मिश्रण येते. अमेरिकेचे उत्सर्जन-नियम कडक होत गेले तसे सगळे मोठे स्पर्धक याच तत्त्वावर आले: हुस्कवर्नाचे एक्स-टॉर्क, स्टिलचे टू-मिक्स.

दुरुस्तीच्या दृष्टीने अर्थ एवढाच. पिस्टनच्या बाजूला खिडक्या दिसल्या आणि कार्ब्युरेटरला हवेचा वेगळा मार्ग दिसला, की साधा कार्ब्युरेटर किंवा साधा पिस्टन त्यावर नाही. जुना ३७२ एक्सपी आणि ३७२ एक्स-टॉर्क यांचे सिलिंडर नाव सारखे असूनही वेगळे. तक्त्यात दोन स्वतंत्र ओळी केल्या.

२० डिसेंबर

लाल यादी पक्की केली. चेन-ब्रेकचा पट्टा, क्लच-ड्रम, ब्रेकचा पुढचा दांडा आणि चेन तुटली तर ती पकडणारा कॅचर: हे चार भाग त्याच मॉडेलचेच. सत्तरच्या दशकापासून सगळ्या मोठ्या कंपन्यांनी चेन-ब्रेक घेतला, तत्त्व तेच, पण ड्रमचा व्यास आणि पट्ट्याची ओढ प्रत्येकाची स्वतःची. ड्रम जरा लहान असला तरी पट्टा आवळतो, फक्त उशिरा. आणि बार उसळतो तेव्हा तो उशीर मानेपर्यंत पोचतो.

बार, चेन, रिम किंवा ड्रम यांतले काहीही बदलले की मशीन ग्राहकाच्या हाती देण्याआधी दोन चाचण्या. मशीन जमिनीवर, दोन्ही हातांची पकड, पूर्ण गतीवर मनगटाने दांडा पुढे ढकला: चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. मग मशीन बंद, ब्रेक मोकळा, बारचे टोक लाकडी ठोकळ्याच्या वर हातभर धरून पुढची पकड सोडा आणि टोक ठोकळ्यावर पडू द्या: दांडा आपोआप पुढे पडला पाहिजे. दोन्हींची खूण जॉबकार्डावर, सहीसह. एक जरी चुकली तर मशीन रॅकवर परत, बार काढून.